वाचते सगळं, लिहीत काहीच नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी 20 वर्षांची, बडोद्याची. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आई-बाबा, आजी आणि ती. घरी मराठी, बारावीपर्यंत शाळा गुजराती माध्यमाची, आता बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाला सगळं इंग्रजीत. कॉलेजने या सत्रात क्रेडिटसाठी 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा, एनपीटेलचा (आयआयटी वगैरे संस्थांच्या उपक्रमाचा) 12 आठवड्यांचा संख्याशास्त्राचा कोर्स घ्यायला लावलाय. कोर्सला शंका विचारायला फोरम आहे. रोज रात्री तासभर बसून ती तिथलं सगळं वाचते, पण लिहीत काही नाही. तिसऱ्या आठवड्यात धीर करून एकदाच प्रश्न टाकला. इंग्रजी चुकलं, कुणीतरी त्याखाली हसणारा चेहरा टाकला, आणि कोर्सच्या सहायकाने 'हे दुसऱ्या आठवड्याच्या व्हिडिओत आहे, नीट पाहा' एवढंच उत्तर दिलं. तिने प्रश्न काढून टाकला. वर्गातली एक मुलगी रोज दोन-तीन पोस्टी टाकते आणि तिला प्रत्येक असाइनमेंटमध्ये नव्वदच्या वर मिळतात. हिला साठ-पासष्ट. कॉलेजमधले सर म्हणतात, फोरमवर दिसत नाही तो मागे पडतो. आठवड्याला दोन पोस्टी टाकणाऱ्यांना त्यांनी इंटर्नलचे 5 मार्कही ठेवलेत. बाबांच्या मते ऑनलाइन कोर्स हा मोबाईल घेऊन बसायचा बहाणा आहे. तिचा प्रश्न असा: 'मी गप्प राहते म्हणून मला मार्क कमी पडतात का? रोज काहीतरी लिहायची सवय लावून घेऊ, की माझ्यासारखीने असल्या कोर्सच्या वाटेला जाऊच नये?'

काढून टाकलेला तो प्रश्न तुला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे, हे तुझ्या पत्रात मला सगळ्यात आधी दिसलं. 'आय ॲम नॉट अंडरस्टँड सॅम्पल व्हेरिअन्स, प्लीज एक्स्प्लेन.' (सॅम्पल व्हेरिअन्स म्हणजे नमुन्यातले आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप.) चार आठवडे होऊन गेले आणि तू ते वाक्य मनात रोज दुरुस्त करत बसली आहेस. लागतं गं असं. वर्गात कुणी हसलं तर निदान तास संपतो, सगळे उठून जातात. इथे तो चेहरा तिथेच चिकटून राहतो आणि आपणच परत परत जाऊन बघतो. तेव्हा 'एवढं मनाला लावून घेऊ नकोस' असं मी तुला म्हणणार नाही. पण त्या एका रात्रीवरून तू स्वतःबद्दल जे ठरवून टाकलंस, ते मला मान्य नाही.

आधी मार्कांचा हिशेब करू, कारण तुझी धास्ती तिथून सुरू झाली आहे. 'स्वयम्' 9 जुलै 2017 ला सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या कोर्सची रचना चार भागांची आहे: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची परीक्षा घ्यायच्या चाचण्या आणि शंकांसाठी चर्चा. म्हणजे चर्चा हा कोर्सचाच भाग आहे, वरची सजावट नव्हे. पण मार्क कुठून येतात ते बघ. एनपीटेलच्या 12 आठवड्यांच्या कोर्सात 12 पैकी सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंटची सरासरी काढतात आणि तिला 25 टक्के वजन असतं. उरलेले 75 टक्के केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली बसून द्यायच्या परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी निदान 10 आणि 75 पैकी निदान 30, असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. फोरमवर किती लिहिलं याला या हिशेबात एकही मार्क नाही.

आता तुझे साठ-पासष्ट धरू. त्याचे 25 पैकी साडेपंधराच्या आसपास होतात. त्या मुलीचे ब्याण्णव धरले तर 23. तुम्हा दोघींत आज फरक आहे तो साडेसात मार्कांचा, आणि उत्तम 8 कोणत्या ते ठरायला अजून पाच असाइनमेंट शिल्लक आहेत. शिवाय असाइनमेंटचे मार्क घरी बसून मिळतात. टेलिग्रामच्या ग्रुपवर दर आठवड्याला 'पक्की उत्तरं' फिरतात, हे तुझ्या वयाच्या प्रत्येकाला माहीत आहे. ती मुलगी तसं करते असं मी अजिबात म्हणत नाही. पण नव्वद या आकड्यावरून कुणाला किती समजलंय ते ओळखता येत नाही, तसंच तुझ्या साठवरूनही येत नाही. प्रामाणिकपणे मिळवलेले साठ असतील तर ते मला बरेच भरवशाचे वाटतात, कारण आपल्याला काय येत नाही ते त्यात दिसतं.

सर म्हणतात, दिसत नाही तो मागे पडतो. त्यांच्या अनुभवात तसं दिसत असेलही. पण उत्तरायणच्या दिवशी पहाटे सहाला जो गच्चीवर असतो, तोच बहुतेक जास्त पतंग कापतो, हे आपण वाड्यावाड्यांत बघतो. लवकर चढल्यामुळे त्याचा हात बसला, की हात बसलेलाच लवकर चढतो? फोरमचंही असंच आहे. ज्याला विषयात रस आहे, इंग्रजी सवयीचं आहे, घरी शांत खोली आहे आणि वेळ आहे, तो लिहितो आणि त्याला मार्कही मिळतात. लिहिणं आणि मार्क ही एकाच झाडाची दोन फळं असू शकतात. एक फळ तोडून दुसऱ्या फांदीला बांधल्याने तिथे नवं फळ धरत नाही.

याची मोठी मोजणीही झालेली आहे. 2012 साली अमेरिकेतल्या एमआयटीने आपला पहिला मोठा खुला ऑनलाइन कोर्स घेतला, विषय 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स'. सुमारे 1,55,000 लोकांनी नाव नोंदवलं आणि 7,157 जणांना प्रमाणपत्र मिळालं. कोण काय उघडतो, कुठे किती वेळ थांबतो याच्या सगळ्या नोंदी होत्या, त्या संशोधकांनी तपासल्या. नोंदणी केलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी चर्चेत भाग घेतला होता. प्रमाणपत्र मिळालेल्यांत मात्र तो घेणारे 52 टक्के होते. तुझे सर हा आकडा बघून म्हणतील, बघ, मी सांगत होतो! मी त्याच आकड्याची दुसरी बाजू बघते: उरलेले 48 टक्के त्या कठीण कोर्समधून पार पडले ते चर्चेत न पडताच. आणि आणखी एक गोष्ट तुझ्यासाठी. त्या फोरमवर जी काही हालचाल झाली, तिच्यातली 90 टक्क्यांहून जास्त ही नुसत्या वाचण्याची होती. गृहपाठ सोडवताना मुलं सगळ्यात जास्त तिथेच जात होती, आधीचं लिहिलेलं वाचायला. तू एकटी कोपऱ्यात लपून बसली आहेस असं तुला वाटतं. त्या कोपऱ्यातच तर सगळा गाव बसलेला आहे.

मग प्रश्न विचारण्याला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. आर्थर ग्रेसर आणि नताली पर्सन या दोन संशोधकांनी 1994 साली शिकवणीतल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न मोजले आणि वर्गाबद्दलच्या आधीच्या अभ्यासांशी ताडून पाहिले. वर्गात एका विद्यार्थ्याचे तासाला सरासरी 0.11 प्रश्न निघाले, म्हणजे नऊ तासांत एक. एकट्याने शिकवणीला बसलेल्या मुलांचे तासाला 26.5. म्हणजे गप्प बसणं हा नुसता स्वभाव नसतो, जागेचाही परिणाम असतो. पुढे त्यांनी हे प्रश्न आणि विद्यार्थ्यांची प्रगती यांचा मेळ घालून पाहिला. किती प्रश्न विचारले याचा प्रगतीशी संबंध लागला नाही. प्रश्न कसा होता याचा मात्र लागला, तोही मुलं शिकवणीला थोडी सरावल्यावर. तुझ्या 'रोज काहीतरी लिहू का' या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. रोज काहीतरी नको. आठवड्यातून एक, पण नीट घडवलेला.

'घडवलेला' म्हणजे काय ते तुझ्याच प्रश्नावर करून बघू. तू लिहिलं होतंस, मला सॅम्पल व्हेरिअन्स समजत नाही. समज, हे वाक्य तू अगदी निर्दोष इंग्रजीत लिहिलं असतंस, तरी सहायकाने काय उत्तर दिलं असतं? हेच, की व्हिडिओ पाहा. कारण तू कुठे अडलीस हे त्याला त्या वाक्यातून कळायला मार्गच नव्हता. शेकडो प्रश्न पुढ्यात घेऊन बसलेला माणूस तुझ्या वाक्याला उत्तर देतो, तुला नाही. त्याने दोन शब्द गोड लिहायला हवे होते हे खरं, पण 'ही मुलगी ढ आहे' असं त्याने म्हटलेलं नाही. ते तू म्हटलंस.

आता वही घे आणि तोच प्रश्न असा लिही: 'दुसरा आठवडा, तिसरा व्हिडिओ, बाराव्या मिनिटाला. नमुना 4, 6, 8. सरासरी 6. सरासरीपासूनचे फरक −2, 0, 2. त्यांचे वर्ग 4, 0, 4, बेरीज 8. मी 3 ने भागलं, 2.67 आलं. सरांनी 2 ने भागून 4 काढलं. आकडे तीन असताना भागायचं दोनने का?' (व्हिडिओ आणि मिनिट मी अंदाजाने घातलंय, तू खरं घाल.) यात काय केलं ते बघ. जागा सांगितली, आपण काय केलं ते आकड्यांनिशी मांडलं, आणि जिथे पाय अडकला त्या एकाच दगडावर बोट ठेवलं. असा प्रश्न वाचून कुणी 'व्हिडिओ पाहा' म्हणत नाही, कारण तू व्हिडिओ पाहिलायस हे त्यात दिसतं. आणि बहुतेक वेळा तिसरी-चौथी ओळ लिहिता लिहिताच उत्तर हाताला लागायला लागतं. प्रश्न फोरमवर गेलाच नाही तरी त्याचं निम्मं काम वहीतच होऊन जातं. म्हणूनच म्हणते, टाकायचा की नाही हे नंतर ठरव, लिहायचा मात्र नक्की.

या दोनने भागण्याचं उत्तर इथे देऊन टाकते, पण ते तू आजीला सांगायचं. हो, आजीलाच. तिच्यासमोर तीन डबे ठेव आणि सांग, तिन्हींत मिळून डब्यामागे सरासरी सहा लाडू आहेत. पहिल्यात चार निघाले, दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात किती? झाकण न उघडता आजी म्हणेल, सहाच, त्यात काय सांगायचं. बरोबर. सरासरी ठरली की दोन डबे मोकळे, तिसरा बांधलेला. त्याच्याकडून नवं काही कळत नाही. शिवाय ती सरासरी त्याच तीन आकड्यांच्या मधोमध बसवलेली असते, त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा जरा कमीच भरतात. तीनऐवजी दोनने भागलं की ती तूट सरासरीने भरून निघते. आजी 'पण का?' असं विचारेल तिथे तू थांबशील, आणि तू जिथे थांबशील तोच तुझा पुढचा प्रश्न.

हा नुसता घरगुती खेळ नव्हे. मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा धडा वाचायला दिला. काही मुलांना प्रत्येक वाक्यानंतर 'याचा अर्थ काय' ते स्वतःला समजावून सांगायला लावलं, बाकीच्यांनी तोच धडा दोनदा वाचला. समजावून सांगणाऱ्यांना विषय जास्त कळला. ऐकणारं कुणी विद्वान असायची गरज नव्हती, स्वतःला सांगितलं तरी पुरलं.

इथे मला तुझ्या रात्रीच्या वाचनाबद्दल थोडं कडक बोलायचं आहे. तू रोज तासभर फोरम वाचतेस आणि झोपताना 'आज बरंच कळलं' असं वाटतं, असं तू लिहिलंस. दुसऱ्याने सोडवलेलं वाचताना तसं वाटतंच. मान डोलते, पण हात चालत नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवलेली गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होती. एका आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र, न बघता आठवून लिहिणारी मुलं त्यांच्या पुढे निघून गेली. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही, काही आठवड्यांनी आहे. तेव्हा क्रम उलटा कर. आधी असाइनमेंटचा प्रश्न स्वतः सोडवायचा प्रयत्न, चुकला तरी पूर्ण. मग फोरम, तोही वीस मिनिटं. तिथे कुणाचा प्रश्न दिसला तर खालचं उत्तर हाताने झाकायचं, आपलं उत्तर वहीत लिहायचं आणि मग हात काढायचा. उरलेली चाळीस मिनिटं झोप. असाइनमेंटच्या शेवटच्या रात्री तर फोरम उघडूच नकोस. त्या रात्री तिथे शंका कमी आणि घबराट जास्त असते.

भाषेचं तुला सगळ्यात जास्त टोचतंय. शाळेत तू गुजरातीत 'मध्यक' (म्हणजे सरासरी) आणि 'प्रमाणित विचलन' शिकलीस, घरी सरासरी म्हणतेस, आणि आता अचानक मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन. तीन भाषांतून एक गोष्ट ओळखायची, ही काही लहान मेहनत नव्हे. तू हिला कमीपणा समजतेस. अगं, तू ज्या गावात राहतेस तिथे 1890 साली सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन उभं राहिलं. ते उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की रंगकाम, यंत्रकाम, शास्त्र हे सगळं इथल्या मुलांना इथल्या भाषेत शिकवायचं. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. अवघड विषय आपल्या भाषेत विचारात घ्यायचा ही तुझ्या गावची जुनीच रीत आहे. म्हणून प्रश्न वहीत घडवताना तो मराठी-गुजराती जसा सुचेल तसा घडव. पक्का झाला की मगच इंग्रजीत ने, आणि नेताना वाक्यं चार-पाच शब्दांची ठेव. 'आय गॉट 2.67. द लेक्चर गेट्स 4. व्हाय डू वी डिव्हाइड बाय टू?' यात चुकायला जागाच उरत नाही. आकडे बोलतात, तू फक्त त्यांना ओळीत उभं करायचं. मोठी वाक्यं लिहून सभ्यपणा दाखवायच्या भानगडीत पडू नकोस. 'रिस्पेक्टेड सर, आय हॅव वन स्मॉल डाउट' हे सगळं वगळलं तरी कुणी रागावत नाही.

मग शेवटी टाकायचा का? मला विचारशील तर हो, आणि कारण मार्कांचं नाही. तो सॅम्पल व्हेरिअन्सचा प्रश्न तू काढून टाकलास तेव्हा तुझ्यासारख्याच वाचणाऱ्या किती जणींच्या समोरून तो गेला असेल, याचा विचार कर. शिलाँगमधली, नांदेडमधली, भुजमधली कुणीतरी मुलगी त्याच 'दोनने का' पाशी अडलेली असेल आणि तिचंही इंग्रजी अडखळत असेल. तू गेले सहा-सात आठवडे ज्यांचं वाचून शिकतेस, त्यांनीही कधीतरी धीर केलेलाच होता. टाकण्याआधी एवढं कर: फोटोच्या जागी फूल किंवा कोरी चौकट ठेव, मोबाईल नंबर कुठेही लिहू नकोस, आणि 'पर्सनलवर समजावतो' म्हणणाऱ्याला उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. शंका तिथे विचारली, उत्तर तिथेच मिळू दे. आणि एकदा टाकल्यावर काढू नकोस. चूक दिसली तर खाली दुरुस्त वाक्य लिही.

राहता राहिले इंटर्नलचे 5 मार्क. ते घे, सोडू नकोस. आठवड्याला दोन पोस्टी म्हणजे एक तुझा घडवलेला प्रश्न आणि एक दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाला तुझ्या वहीतलं उत्तर, इतकं सोपं आहे ते. पण तुझे सर किंवा असे मार्क ठेवणारे दुसरे कुणी शिक्षक हे वाचत असतील तर त्यांनाही कळकळीने सांगते: पोस्टी मोजल्या की पोस्टीच येतात. 'व्हेरी नाइस एक्स्प्लनेशन सर', 'आय अग्री', 'थँक यू फॉर शेअरिंग' यांचे ढीग लागतात आणि खरी शंका त्याखाली दबते. त्यापेक्षा मुलांना सांगा, आठवड्यात कुठे अडलात ते आकड्यांनिशी एका पानावर लिहून आणा, आणि मार्क त्या पानाला द्या. लाजाळू मूल कागदावर बोलतं. तुझे सर ऐकून घेणारे असतील तर तू स्वतःच त्यांना विचार, 'सर, वहीतले प्रश्न दाखवले तर चालतील का?' नाही म्हणाले तरी तुझं काही जात नाही.

कोर्स सोडायचा विचार मात्र डोक्यातून काढ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांप्रमाणे विद्यापीठ एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम्'वरून घेऊ देऊ शकतं. म्हणजे हा पहिला आहे, शेवटचा नसेल. हे असं शिकण्याची हातोटी आत्ताच आलेली बरी. आणि बाबांशी वाद घालू नकोस. फोन बाजूला ठेवून जेवणाच्या टेबलावर वही उघडी ठेवून बसलीस की त्यांना आपोआप दिसेल. पाहिजे तर तो 25 आणि 75 चा हिशेब त्यांना दाखव. आकडे बापाला पटतात.

एमआयटीच्या त्या मोजणीतली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. बाकी सगळं सारखं धरलं तर जी मुलं कोर्समधल्या दुसऱ्या कुणाबरोबर किंवा विषयातल्या जाणकाराबरोबर प्रत्यक्ष बसून काम करत होती, त्यांचे मार्क एकट्याने करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ 3 ने जास्त असतील असा अंदाज निघाला. पतंगाची गोष्ट इथेही लागू आहे, जोडीदार मिळणं हाही स्वभावाचा भाग असू शकतो. तरी मला हा आकडा आवडतो, कारण तो माझ्याही आयुष्यात खरा ठरलेला आहे. मी शिकत असताना एका तासाला प्रश्न विचारला आणि शिकवणाऱ्यांनी सगळ्यांसमोर 'एवढंही येत नाही?' म्हणून खाली बसवलं. मी त्यानंतर दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. मला सोडवलं ते शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. महाराजांनी 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जे काम सुरू केलं, त्यातून उभी राहिलेली ती लायब्ररी. आम्ही एकमेकींना इतक्या हळू आवाजात प्रश्न विचारायचो की समोरचीलाही कान पुढे करावा लागायचा. त्या कुजबुजीत मी जेवढं शिकले तेवढं त्या वर्गात शिकले नाही.

तुझ्या वर्गात असं कोण आहे? पत्रात तू एकाच मुलीचा उल्लेख केलास, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा ती तुझी शत्रू असल्यासारखा. रोज दोन-तीन पोस्टी टाकते म्हणजे तिला बोलायला आवडतं. तुला ऐकायला येतं, आणि तू सहा आठवड्यांचं सगळं वाचलेलं आहेस. कुणाचा कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला ते तिच्यापेक्षा तुला जास्त ठाऊक असेल. कदाचित तीही घरी एकटीच बसत असेल. आज संध्याकाळी तिला एवढाच निरोप पाठव, गुजरातीत किंवा जशा तुम्ही बोलत असाल तशा: 'दुसऱ्या आठवड्यातलं दोनने भागायचं तुला कसं समजलं? मी एक पान लिहिलंय. शनिवारी तासभर बसूया का?'